फोटोतलं मागचं

"मागचं ब्लर कर ना!" हे वाक्य हल्ली लग्नात, बारशाला, देवळात, कुठेही कानावर पडतं. म्हणणाऱ्याला भिंग, ॲपर्चर वगैरे काही माहीत असायची गरज नसते. फोनमध्ये पोर्ट्रेट मोड असतो, तो लावला की चेहरा लख्ख आणि मागचं जग दुधात विरघळल्यासारखं मऊ. परळीला वैजनाथाच्या पायऱ्यांवर काढलेले असे फोटो नातेवाइकांकडून येतात. छानच असतात. फक्त ते परळीतले आहेत हे खाली लिहिल्याशिवाय कळत नाही. नाशिकच्या, उज्जैनच्या किंवा घराशेजारच्या देवळातले म्हणून खपतील.

एवढ्या एका गोष्टीवरून मी या 'मागच्या'चा इतिहास शोधत बसलो आणि तो भलताच मजेदार निघाला. मागचं पुसट होणं ही एके काळी फोटोग्राफरची डोकेदुखी होती. मग ती कला झाली, मग महागड्या भिंगांची मिरवण्याची गोष्ट झाली आणि आता फुकट झाली. गंमत अशी की, आपल्यासारख्या गावांचा जो काही इतिहास फोटोंमध्ये उरलाय, तो बराचसा मागचं पुसट न झाल्यामुळेच उरलाय. मला सांगायचंय ते एवढंच. पण आधी थोडं शास्त्र, कंटाळू नका.

भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू बरोबर टिपतं. त्याच्या पुढच्या-मागच्या वस्तूचा प्रत्येक ठिपका फिल्मवर ठिपका न राहता छोटी चकती होतो. चकती अगदी बारीक असेल तोवर आपला डोळा तिला ठिपकाच समजतो, मोठी झाली की म्हणतो, "हललाय वाटतं फोटो." तर जेवढ्या अंतरापर्यंत डोळा असा फसतो, ती डेप्थ ऑफ फील्ड. भिंगाचं भोक जेवढं मोठं, भिंग जेवढं लांब पल्ल्याचं आणि माणूस जेवढा जवळ, तेवढी ही पट्टी अरुंद. भोक बारीक केलं की पट्टी रुंदावते. चष्मेवाला माणूस चष्मा नसताना एसटीची पाटी वाचायला डोळे बारीक करतो, तो हेच करत असतो.

आकड्यांत सांगतो. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचं भिंग लावलं, भोक एफ/१.८ ठेवलं आणि दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर स्पष्ट पट्टी जेमतेम १७ सेंटिमीटरची. वीतभरही नाही! नाक-डोळे येतील, पण मागे अर्ध्या हातावर उभा असलेला भाऊ गेला. तेच भोक एफ/१६ केलं की पट्टी पावणेदोन मीटरच्या आसपास जाते आणि भाऊ, भावजय, दारातली तुळस सगळे येतात. किंमत एकच, उजेड खूप कमी होतो, म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं.

या उजेडाच्या किमतीवरूनच सगळा इतिहास घडला. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या फोटोची घोषणा झाली तेव्हा भिंगं इतकी मंद होती की माणसाला उन्हात कित्येक मिनिटं पुतळ्यासारखं बसवावं लागे. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हालने गणित मांडून एक नवं भिंग तयार केलं. त्याचं भोक साधारण एफ/३.६ एवढं मोठं होतं. मिनिटांचं काम सेकंदांवर आलं आणि चेहऱ्याचे फोटो हा धंदा होऊ शकला. पण मोठ्या भोकाबरोबर अरुंद पट्टी फुकट आली. डोळे स्पष्ट तर कान पुसट. तेव्हा कोणी याला सौंदर्य वगैरे म्हणत नव्हतं, नाइलाज म्हणत. १८५८ मध्ये जॉन वॉटरहाउस नावाच्या इंग्रजाने उपाय काढला : वेगवेगळ्या मापांची भोकं पाडलेल्या धातूच्या पट्ट्या. भिंगाच्या नळीला खाच ठेवायची आणि हवी ती पट्टी आत सरकवायची. गर्दीचा फोटो असेल तर बारीक भोकाची, एकट्याचा असेल तर मोठ्या भोकाची.

हे सगळं तिकडे दूर चाललं होतं असं समजू नका. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली. त्यात डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसंही होती. आणि मराठवाड्याच्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, अजिंठ्याला मेजर रॉबर्ट गिल होते. मद्रास फौजेतला हा अधिकारी १८४०च्या दशकात अजिंठ्याची चित्रं उतरवायला आला आणि जन्मभर त्याच भागात राहिला. त्याने रंगवलेल्या बऱ्याचशा मोठ्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण त्याआधी त्याने स्टिरिओ कॅमेऱ्याने अजिंठा-वेरूळचे फोटो काढले होते आणि त्यांची पुस्तकं १८६४ मध्ये लंडनला निघाली होती. स्टिरिओ म्हणजे दोन डोळ्यांसाठी दोन फोटो, चष्म्यातून पाहिले की खोली दिसते. त्यात पुढचा खांब आणि मागची भिंत दोन्ही स्पष्ट असतील तरच खरी मजा. त्या कॅमेऱ्यांची भिंगं आखूड पल्ल्याची असल्याने ते जमायचंही. लेणं केवढं आहे ते कळावं म्हणून त्या काळचे फोटोग्राफर खांबाजवळ एखादा माणूस उभा करत. मोजपट्टी म्हणून उभी केलेली ती माणसं आज पाहिली की मला लेण्याआधी त्यांचं धोतर, पागोटं आणि उभं राहण्याची तऱ्हाच दिसते.

परळीही १९४८च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्याच राज्यात होती. त्या राज्याचा सगळ्यात मोठा फोटोग्राफर म्हणजे लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा जन्म (१८४४), रुरकीला इंजिनिअरिंगचं शिक्षण, इंदूर संस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरी, आणि मग छंद म्हणून धरलेला कॅमेरा नोकरीपेक्षा मोठा झाला. १८८०च्या दशकात ते सहाव्या निजामाच्या, महबूब अली खानांच्या दरबारात पोचले. सिकंदराबादला स्टुडिओ, पुढे १८९६ मध्ये मुंबईलाही, आणि निजामाकडून 'राजा' हा किताब. १९०५ मध्ये ते गेले. त्यांच्या काचेच्या अडीच हजारांवर निगेटिव्ह आज दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

त्या काळी एन्लार्ज करायची सोय फारशी नव्हती. फोटो जेवढा मोठा हवा तेवढीच मोठी काच कॅमेऱ्यात. काच मोठी म्हणजे भिंग लांब पल्ल्याचं, म्हणजे पट्टी आणखी अरुंद. तरीही दीनदयाळांच्या राजवाड्यांत आणि शिकारीच्या समूहचित्रांत मागच्या रांगेतला चोपदारसुद्धा ओळखू येतो. कारण ते भोक बारीक करत आणि सगळ्यांना श्वास रोखून उभं करत. जुन्या फोटोंत आपले पूर्वज एवढे गंभीर का दिसतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे :)

त्यांच्या स्टुडिओने औरंगाबाद भागातल्या दुष्काळी कामांचेही फोटो काढले. छपन्नचा दुष्काळ म्हणून ज्याची आठवण राहिली, त्या १८९९-१९०० च्या सुमाराचे. खडी फोडणारी माणसं आहेत, आंधळी कोशिंबीर खेळणारी मुलं आहेत. निजाम सरकार रयतेसाठी किती चांगलं काम करतंय ते दाखवायला हे आल्बम केले होते. म्हणजे हेतू जाहिरातीचाच. पण कॅमेऱ्याने मैदानच्या मैदान टिपलं की त्यात जाहिरातीपलीकडचंही येतं. आज आपण त्यात कपडे बघतो, हातपाय बघतो, बायका किती आणि पोरं किती ते मोजतो. फोटो काढवून घेणाऱ्याला जे दाखवायचं नव्हतं, तेही त्यात राहून गेलं. एकच चेहरा घेऊन बाकी पुसलं असतं तर आपल्याला फक्त कणव आली असती, कळलं काहीच नसतं.

पुसट भागाची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. पुसटपणाला पहिल्यांदा मानाची जागा दिली ती एका बाईने, आणि तिचा जन्म आपल्याकडचा, कलकत्त्याचा. ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. १८६३च्या अखेरीस, वयाच्या ४८व्या वर्षी, लेकीने-जावयाने तिला कॅमेरा भेट दिला. ती जवळून, मोठ्या भोकाने, चेहऱ्याएवढेच फोटो काढायची. फोकस करता करता डोळ्यांना जिथे सुंदर वाटेल तिथेच थांबायची, पुढे 'बरोबर' करत बसायची नाही. फोटोग्राफीच्या मासिकांनी तिला येतच नाही म्हणून झोडपलं. आज त्या मासिकांचं नाव कोणाला आठवत नाही, तिचे फोटो मात्र संग्रहालयांत आहेत. पुढे १८८९ मध्ये पीटर हेन्री इमर्सन या डॉक्टर-फोटोग्राफरने शास्त्राचाच आधार दिला : आपला डोळा तरी कुठे सगळं एकदम स्पष्ट बघतो? मधलं तेवढं स्पष्ट, कडेचं अंधुक, मग फोटो तसाच हवा. दोन वर्षांच्या आत त्याने स्वतःच काळ्या चौकटीची पत्रिका छापून, श्राद्ध घातल्यासारखं, हे मत मागे घेतलं. तिकडे अमेरिकेत १९३२ मध्ये अँसेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरे मंडळींनी याच्या अगदी उलट पंथ काढला आणि नावच ठेवलं 'ग्रुप एफ/६४'. म्हणजे भोक इतकं बारीक की पायाखालच्या खड्यापासून डोंगरापर्यंत सगळं लख्ख.

आपल्या तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओत हे वाद पोचले नाहीत. तिथे प्रश्न वेगळाच होता. मागचं पुसट करायचं की नाही हा नाही, तर मागे काय टांगायचं हा. रंगवलेला पडदा! जिना, खांब, बाग, तळ्यातली कमळं. गिऱ्हाईक पडद्याचे पैसे देत होतं, मग तो पुसट कसा चालेल? आणि पायही दिसायला हवेत, नवी चप्पल आहे. माणूस डोक्यापासून पायापर्यंत, समोरून, उजेडात, आणि मागचा महाल स्पष्ट. आज हसू येतं, पण त्या पडद्यातही खरं काहीतरी आहे. तो महाल खोटा असला तरी तो हवासा वाटत होता हे खरं आहे, आणि तेही त्या फोटोने जपून ठेवलंय.

मग कॅमेरे घरात आले. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पोचलेला पहिला कॅमेरा बहुतेक ॲग्फा क्लिक-थ्री. बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये तयार व्हायचा. काळा डबा, १२०चं रीळ, बारा फोटो. फोकस करायची सोयच नाही. ऊन आणि ढग अशी खूण बघून खटका इकडेतिकडे करायचा, संपलं. भिंगाचं भोक मुळातच लहान, त्यामुळे दहाएक फुटांपलीकडचं सगळंच बऱ्यापैकी स्पष्ट. म्हणजे ज्यांना मागचं पुसट करताच येत नव्हतं, अशा लोकांनी अशा कॅमेऱ्यांनी आपल्या गावांचा सगळ्यात मोठा आल्बम करून ठेवला. काढायला गेले मुंज, मागे आली गल्ली.

आमच्या घरच्या पेटीत परळीतल्या एका गच्चीवरचा फोटो आहे. आजी, दोन आत्या, कडेवर कोणीतरी बाळ. बाळ कोण यावर घरात वर्षानुवर्षं वाद. प्रत्येक आत्या म्हणते, "हा माझा." बाळाच्या चेहऱ्यावरून काही ठरेना. ठरलं ते मागच्या चिमणीवरून. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला, ३० मेगावॉटचा संच १९७१ मध्ये सुरू झाला. फोटोत आजीच्या खांद्यावरून चिमणी धूर सोडताना स्पष्ट दिसते. म्हणजे बाळ १९६८चं असूच शकत नाही, तेव्हा ते चालत-बोलत असणार. धाकट्या आत्याचा निकाल लागला. थोरली अजून मानत नाही, तो भाग वेगळा.

तेव्हापासून मी जुन्या फोटोंत आधी चेहरे बघतच नाही, मागचं बघतो. भिंतीवर 'कालनिर्णय' असेल तर फोटो १९७३ नंतरचा, कारण ते सुरूच तेव्हा झालं. गल्लीतल्या भिंतीवर काँग्रेसची बैलजोडी असेल तर आधीचा काळ, गाय-वासरू असेल तर १९७१ ते ७७, हात असेल तर १९७८च्या पुढचा. (रंग उडायला वेळ लागतो, त्यामुळे 'याच्या आधीचा नाही' एवढंच खात्रीने म्हणायचं.) दुकानाची पाटी उर्दूत असेल तर नजर पोलीस ॲक्शनच्या मागे जाते. स्कूटरचा नंबर एमएच-२३ ने सुरू होत असेल तर १९८९ नंतरचा. यातली एकही गोष्ट फोटो काढणाऱ्याने मुद्दाम घेतलेली नाही. तो म्हणत होता, "इकडे बघा." कॅमेरा मात्र तिकडेही बघत होता.

चिमणीचं पुढे काय झालं तेही बघा. तो पहिला संच केव्हाच निवृत्त झाला. नंतरच्या नव्या केंद्रात २५० मेगावॉटचे संच आले. २०१३च्या दुष्काळात खडका धरण आटलं आणि पाण्यावाचून अख्खं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं. ज्या गावाचं आभाळ पन्नास वर्षांत एवढं बदललं, त्या गावाच्या फोटोंत आभाळ दिसायला नको का?

ब्लर आपल्याकडे खऱ्या अर्थाने आला तो लांब पल्ल्याच्या, मोठ्या भोकाच्या भिंगांबरोबर. आधी वर्तमानपत्रांचे आणि लग्नांचे फोटोग्राफर, मग डिजिटल कॅमेरे घेतलेली आपल्यासारखी हौशी मंडळी. १९९७ मध्ये एका अमेरिकन मासिकाने जपानी भाषेतून या पुसटपणासाठी 'बोके' हा शब्द उचलला आणि तो जगभर झाला. त्या हौसेतून सुंदर फोटो निघाले हे मी नाकारत नाही. चेहरा बोलत असेल तर मागच्या गोंधळाने मध्ये तोंड घालू नये हे बरोबरच आहे. पण दुष्काळ पडला की बीड जिल्ह्यावर छापून येणारे फोटो आठवा. सुरकुतलेला चेहरा, डोळ्यांत पाणी, मागचं सगळं तपकिरी धुकं. किंवा ऊसतोडीला गेलेली बाई, डोक्यावर मोळी, मागे नुसता हिरवा रंग. ती कोपी कुठे आहे जिच्यात ती पाच-सहा महिने राहते? बैलगाडी, चूल, पाचटावर निजवलेलं लेकरू कुठे आहे? दुःख दिसतं, दुःखाचं कारण पुसट. आपल्या भाषेत 'पुसट' या शब्दातच पुसणं आहे, ते उगाच नाही.

आणि आता फोन. फोनचं भिंग खरं तर ॲग्फाच्या डब्याचाच नातू आहे. त्याचा पल्ला पाच-सात मिलिमीटरचा असतो, त्यामुळे चार पावलांपलीकडचं सगळं त्याला आपोआप स्पष्टच दिसतं. मागचं पुसट करणं त्या भिंगाच्या कुवतीत नाही. ते गणिताने केलं जातं. २०१६ मध्ये आयफोनने दोन कॅमेऱ्यांवरून अंतर मोजून हा पोर्ट्रेट मोड आणला, पुढच्या वर्षी गुगलच्या पिक्सेलने एकाच कॅमेऱ्यावर ते करून दाखवलं. फोन आधी सगळं बघतो, मग माणूस कापून वेगळा करतो आणि उरलेलं पुसतो. पुसणं आधीही होतं, पण कॅमेरॉनबाई ते स्वतः ठरवत होत्या. आता ते बटणात बसलंय, आणि बटण कोणी विचार करून दाबत नाही. बऱ्याच फोनमध्ये हा ब्लर नंतर काढूनही टाकता येतो, पण काढणाऱ्याच्या मूळ फोटोतून. एकदा तो व्हॉट्सॲपवरून पुढे गेला की मिळणाऱ्याकडे फक्त पुसलेलं उरतं.

आपल्याकडे याची एक जुनी रीतही आहे. घरातलं कोणी गेलं की हाराचा फोटो करायचा असतो. मग एखाद्या लग्नाच्या समूहचित्रातून तेवढा चेहरा कापून घेतात, मागे निळा रंग भरतात. शेजारच्याचा खांदा, मांडव, दाराचं तोरण, सगळं निळं. देवघराशेजारी टांगायला तेच योग्य आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मूळ फोटो स्टुडिओत देऊन परत आणायचा राहतो, हे मी तीन-चार घरांत पाहिलंय.

म्हणून नातेवाइकांना एक विनंती. परळीचे, अंबाजोगाईचे, जिथले असतील तिथले जुने फोटो स्कॅन कराल तेव्हा चेहऱ्यापुरते कापू नका. कडेपासून कडेपर्यंत घ्या. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का किंवा शाईने लिहिलेलं काही असेल तर तीही बाजू घ्या. आणि १९७१च्या आधीचं, चिमणी नसलेलं परळीचं आभाळ कोणाच्या फोटोत आलं असेल, तर मला जरूर पाठवा. पुढे कोण उभं आहे, याने काही फरक पडत नाही.